गुप्तहेरकथेचे उत्तरपर्व : रंजन, पुनरावृत्ती आणि ऋण

१

दीर्घकाळ चालणाऱ्या गुप्तहेर-मालिकेची नंतरची पर्वे पहिल्याइतकी रंजक राहतात काय, हा प्रश्न वरवर पाहता समीक्षेचा वाटत नाही. तो प्रेक्षकाच्या आवडीनिवडीचा, फार तर निर्मात्याच्या हिशेबाचा प्रश्न मानला जातो. मराठी समीक्षेने तर ‘रंजन’ या शब्दाकडेच दीर्घकाळ संशयाने पाहिले आहे. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथेच्या तंत्राचा आणि वाचकाच्या उत्कंठेचा विचार गांभीर्याने मांडला, परंतु पुढे नवसाहित्याच्या आग्रहापुढे तो विचार ‘तंत्रवाद’ म्हणून बाजूला सारला गेला आणि रंजन ही कलाबाह्य गोष्ट आहे, असे जवळजवळ गृहीत धरले गेले. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली. ज्या कथाप्रकारांचे वाचक-प्रेक्षक सर्वांत अधिक, त्यांच्याविषयी बोलण्यासाठी समीक्षेजवळ पुरेशी परिभाषाच उरली नाही. ‘पहिल्यासारखी मजा राहिली नाही’ हे वाक्य सर्वत्र उच्चारले जाते. त्या वाक्यात कोणता रचनाविषयक निर्णय दडलेला आहे, हे मात्र तपासले जात नाही.

हा निर्णय तपासण्याजोगा आहे, याचे कारण गुप्तहेरकथेच्या स्वरूपातच आहे. गुप्तहेराची गोष्ट एका संकटाने सुरू होते आणि ते संकट टळले की संपते. मालिकेला मात्र संपणे परवडत नाही. संपण्याकडे धावणारी कथा आणि न संपण्याची सक्ती असलेले माध्यम यांच्यातील हा विरोध आहे. प्रत्येक नव्या पर्वाला तो सोडवावा लागतो, किंवा निदान लपवावा लागतो. तेव्हा नंतरच्या पर्वांच्या रंजकतेचा प्रश्न हा वस्तुतः कथेतील काळ, स्मृती आणि परिणाम यांचा प्रश्न आहे.

राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. यांनी निर्माण केलेली ‘द फॅमिली मॅन’ ही हिंदी मालिका या विचारासाठी सोयीचे उदाहरण ठरते. तिचे पहिले पर्व सप्टेंबर २०१९ मध्ये, दुसरे जून २०२१ मध्ये आणि तिसरे नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाले. अनुक्रमे दहा, नऊ आणि सात असे तिचे भाग आहेत. कथेचे घर मुंबईत आहे. नायक श्रीकांत तिवारी हा मुंबईत स्थिरावलेला मध्यमवर्गीय सरकारी नोकर आहे. त्याचा जिवलग सहकारी तळपदे आणि वरिष्ठ कुलकर्णी ही माणसे मराठी आहेत. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ही मालिका परकी वाटू नये, अशी तिची मांडणी आहे. म्हणूनच तिच्या यशापयशाची चिकित्सा मराठी समीक्षेच्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही.

२

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दीर्घ चालणाऱ्या कथामालेचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक घटना स्वयंपूर्ण असते आणि ती संपताच नायक पुन्हा मूळ स्थितीला येतो. या रचनेला आवर्ती म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात एका घटनेचा अवशेष पुढील घटनेत उरतो आणि नायक त्याचे ओझे वाहत पुढे जातो. ही संचयी रचना होय.

आवर्ती रचनेची मराठीतील परंपरा समृद्ध आहे. १९९६ साली निवर्तलेल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांना वय नाही, थकवा नाही, आणि मागील पुस्तकातील प्रसंगाने त्यांच्या स्वभावात काही बदल झाला, असेही घडत नाही. वाचकाची तशी अपेक्षाही नव्हती. त्याला तोच झुंजार पुन्हा हवा होता. पडद्यावर हीच रीत ‘सी.आय.डी.’ने चालवली. बी. पी. सिंह यांनी ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीसमालिकेत शिवाजी साटम यांना घेतले होते. तोच धागा पुढे विस्तारला आणि जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ अशी वीस वर्षे ‘सी.आय.डी.’ चालली. तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरूही झाली. या दीर्घायुष्यात तिला अधूनमधून नावीन्याची गरज भासली. २००४ साली तिचा १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा न थांबवता सलग चित्रित करण्यात आला. हे नावीन्य साधनाचे होते, आशयाचे नव्हते. पुढच्या भागात प्रद्युम्न, दया आणि अभिजीत पूर्वीच्याच जागी उभे होते.

उंबेर्तो एको या इटालियन चिंतकाने १९६२ साली सुपरमॅनविषयी लिहिताना या रचनेचे मर्म सांगितले आहे. नायकाने केलेल्या प्रत्येक कृतीने त्याचे आयुष्य थोडे खर्ची पडते. जो नायक खर्ची पडू द्यायचा नाही, त्याच्या कथेतून काळच काढून टाकावा लागतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. इयन फ्लेमिंगच्या बाँडकथांच्या १९६५ मधील विश्लेषणात त्याने त्या कथांना ठरावीक चालींच्या खेळाचे रूप दिले. चाली आधीच ठाऊक असतात. आनंद त्या कशा खेळल्या जातात हे पाहण्यात असतो. अर्थात आवर्ती रचनेत ‘पुढची पर्वे तितकीच रंजक आहेत काय’ हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. तेथे पूर्व आणि उत्तर असा भेदच नसतो. शंभरावी गोष्ट पहिली म्हणून वाचता येते.

संचयी रचनेला ही सवलत नाही. तिने एकदा काळ मान्य केला की त्याचे परिणामही मान्य करावे लागतात. ‘द फॅमिली मॅन’ने आपल्या नावातच हा करार केला आहे. ज्या गुप्तहेराला पत्नी, दोन मुले, घराच्या कर्जाची चिंता आणि वाढते वय आहे, त्याला झुंजार होता येत नाही. बाँडला घर नसते, म्हणून तो टिकतो. श्रीकांतला घर आहे, म्हणून तो झिजणार.

३

पुनरावृत्तीने रस का विटतो, याचे विवेचन भारतीय काव्यशास्त्रात फार पूर्वी झाले आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने रसाला बाधक ठरणाऱ्या गोष्टींची गणना केली आहे. एखादा रस पूर्ण परिपोषाला पोहोचल्यानंतरही त्याला पुनःपुन्हा उद्दीपित करीत राहणे, हा त्यांतील एक दोष होय. ज्याचा आस्वाद घेऊन झाला आहे अशा रसाला वारंवार हात लावला, तर तो कोमेजलेल्या फुलासारखा होतो, असे त्याचे म्हणणे आहे.

हे निरीक्षण नवव्या शतकातील काव्याविषयी असले तरी मालिकेच्या उत्तरपर्वाला ते अचूक लागू पडते. गुप्तहेरकथेतील मुख्य व्यापार भयाचा आणि उत्कंठेचा आहे. त्सेवेतान तोदोरोव्हने १९६६ सालच्या निबंधात रहस्यकथेतील दोन वृत्ती वेगळ्या केल्या होत्या : घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे कुतूहल आणि घडू पाहणाऱ्या गोष्टीविषयीची धाकधूक. गुप्तहेर-मालिका दुसऱ्या वृत्तीवर उभी असते. स्फोट होईल काय, विषारी वायू पसरेल काय, विमान कोसळेल काय? पहिल्या पर्वात ही धाकधूक परिपोषाला जाते. दुसऱ्या पर्वात तीच जागवायची तर संकट अधिक मोठे करावे लागते. तिसऱ्यात त्याहून मोठे. पण संकटाचे आकारमान वाढल्याने भय वाढत नाही. प्रेक्षकाला एव्हाना ठाऊक झालेले असते की शहर वाचणार आहे. फूल बदलले, तरी हात लावण्याची जागा तीच असते.

मग संचयी कथेने काय करावे? याचे उत्तरही परंपरेत आहे. मालिकेच्या ‘सीझन’साठी मराठीत ‘पर्व’ हा शब्द रूढ झाला आहे. पर्व म्हणजे पेर, सांधा. उसाच्या पेरागणिक ऊस पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. मागच्या पेरावरच पुढचे पेर उभे राहते. महाभारताची पर्वे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. युद्ध संपल्यानंतर व्यासांनी पांडवांपुढे नवा, अधिक बलाढ्य शत्रू उभा केलेला नाही. सौप्तिकपर्वात झोपेतील माणसांचा संहार आहे. स्त्रीपर्वात रणांगणावरील विलाप आहे. शांतिपर्वात जिंकलेल्या राजाची राज्य नको अशी मनःस्थिती आहे. उत्तरपर्वांचा विषय युद्ध हा नसून युद्धाचा हिशेब आहे. जे घडले त्याचे ऋण कोणाच्या माथी, हा प्रश्न तेथे कथेला पुढे नेतो, आणि त्यामुळेच ती पर्वे पूर्वपर्वांची फिकी नक्कल ठरत नाहीत.

यावरून एक सिद्धान्त सुचवता येतो. संचयी मालिकेच्या उत्तरपर्वाची रंजकता नव्या भीतीवर अवलंबून नसते. जुने ऋण ती किती प्रामाणिकपणे पुढे आणते, यावर अवलंबून असते. ‘ऋण’ या शब्दाने येथे पूर्वीच्या पर्वात घडलेली, परंतु न फिटलेली गोष्ट अभिप्रेत आहे : एखादे असत्य, एखादा अन्याय, एखादा मृत्यू.

४

या कसोटीवर ‘द फॅमिली मॅन’ची तीन पर्वे पाहता तीन प्रकारची ऋणे आढळतात आणि त्या तिहींना मालिकेने दिलेली वागणूक भिन्न आहे.

पहिले ऋण असत्याचे. श्रीकांत घरी आपल्या कामाचे खरे स्वरूप सांगत नाही. कार्यालयात कागदपत्रे हाताळणारा सामान्य कर्मचारी अशी त्याची घरातील प्रतिमा आहे. पहिल्या पर्वातील सर्व विनोद आणि बरीचशी करुणा या असत्यातून निर्माण होते. जो माणूस शहर वाचवतो, त्याला शाळेत वेळेवर न पोहोचल्याबद्दल बोलणी खावी लागतात. येथे एक जुने साधर्म्य आठवते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडत असतो. राक्षसाची मुद्रा त्याच्या हाती लागते ती कुठल्या कटकारस्थानातून नव्हे. चंदनदासाच्या घरातील एक लहान मूल दाराबाहेर येऊ पाहते, त्याला आवरणाऱ्या स्त्रीच्या बोटातून सैल अंगठी निसटते आणि घरंगळत हेराच्या पायाशी येते. राजकारणाचे गुपित घराच्या उंबरठ्यावर, मुलाच्या बागडण्यातून फुटते. गुप्तहेरकथेत घर हे केवळ विश्रांतीचे स्थळ नसते. गुपित तेथूनच गळते, ही जाण या नाटकात आहे. ‘द फॅमिली मॅन’चे पहिले पर्व या जाणिवेच्या जवळ पोहोचते.

दुसऱ्या पर्वात हे ऋण कल्पकतेने वाढवले आहे. श्रीकांतने गुप्तहेरखाते सोडले आहे आणि तो एका संगणक-कंपनीत नोकरी करतो आहे. पूर्वी तो जे खोटे सांगत असे, ते आता खरे झाले आहे. आता तो खरोखरच नऊ ते पाच खुर्चीवर बसणारा माणूस आहे, आणि हेच त्याच्या जीवनातील सर्वांत मोठे असत्य ठरते. वयाने लहान अशा वरिष्ठाची शिकवणी ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मनोज बाजपेयी यांच्या अभिनयातील या मालिकेतले सर्वोत्तम क्षण म्हणता येतील. येथे नवे संकट येण्यापूर्वीच मालिका रंजक झाली आहे. शिवाय पहिल्या पर्वात निसटलेला साजिद दुसऱ्या पर्वात श्रीकांतच्या मुलीपर्यंत, धृतीपर्यंत, पोहोचतो. जे घरापासून दूर ठेवले होते तेच घरात येते. कथेच्या तर्कानुसार हे ऋण फेडण्याची वेळ आली आहे आणि म्हणूनच धृतीच्या अपहरणाचे भाग पंतप्रधानांवरील हल्ल्याच्या कटापेक्षा अधिक अस्वस्थ करतात.

तिसऱ्या पर्वात श्रीकांत मुलांपुढे आपल्या नोकरीचे खरे स्वरूप उघड करतो. प्रसंग विनोदाच्या अंगाने रंगवलेला आहे आणि तो हास्यकारक आहेच. परंतु ज्या असत्यावर दोन पर्वांचा डोलारा उभा होता, ते या ठिकाणी स्वस्तात सुटते. मुलगा चकित होतो, थोडा सुखावतो आणि कथा पुढच्या पाठलागाकडे वळते. ऋण फेडले गेले खरे. पण फेडताना कोणाला काही मोजावे लागले नाही.

दुसरे ऋण दाम्पत्याचे. पहिल्या पर्वात सुचित्रा आणि तिचा सहकारी अरविंद यांच्यात लोणावळ्याला काय घडले, हे प्रेक्षकाला दाखवलेले नाही. ही अनिश्चितता मुळात अर्थपूर्ण होती. जो नवरा सदैव गुपिते बाळगतो, त्याच्या पत्नीलाही एक गुपित असावे, यात न्याय होता. परंतु पुढे ती अनिश्चितता पात्रांच्या जीवनातून निघून प्रेक्षकाच्या कुतूहलासाठी टांगलेली वस्तू झाली. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी सुचित्रा बोलू पाहते आणि पडदा पडतो. गुपित आणि अडवून धरलेली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुपित पात्रापाशी असते. अडवून धरलेली माहिती निर्मात्यापाशी असते. पहिल्याने व्यक्तिरेखा खोल होते, दुसऱ्याने केवळ प्रतीक्षा लांबते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वांमध्ये चार वर्षांहून अधिक अंतर पडले. इतक्या काळात प्रतीक्षा टिकत नाही. तिची सवय मोडते.

तिसरे ऋण सर्वांत जड आहे आणि मालिकेचा खरा कस तेथेच लागतो. पहिल्या पर्वात करीम हा महाविद्यालयीन तरुण दहशतवादी समजून मारला जातो. तो निरपराध होता, त्याचा बेत एका निषेधाचा होता, हे उघड होते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि खरे बाहेर येऊ नये, याची काळजी यंत्रणा घेते. लोकप्रिय गुप्तहेरकथेत असा प्रसंग योजणे ही धाडसाची गोष्ट होती. नायकाच्या हातून नव्हे, तरी नायकाच्या देखरेखीखाली निरपराधाचा बळी जातो, आणि ज्या गुप्ततेमुळे घरात विनोद निर्माण होतो, तीच गुप्तता येथे अन्याय झाकते, ही जोडणी पहिल्या पर्वाची सर्वांत मोठी कमाई आहे. मात्र पुढील पर्वांत या मृत्यूला स्त्रीपर्व मिळालेले नाही. श्रीकांतच्या मनावर ओझे आहे, असे प्रेक्षकाला कळते. त्या ओझ्याने त्याची विचार करण्याची किंवा काम करण्याची रीत बदललेली दिसत नाही. दिल्लीच्या रसायन-कारखान्यातील प्रसंगाने मिलिंद आणि झोया यांना जखमी केले, ते दुसऱ्या पर्वात ठसठशीतपणे दिसते. आपल्या माणसांच्या जखमा मालिका लक्षात ठेवते. चुकीने मारलेल्याची आठवण मात्र ती तितक्या निष्ठेने जपत नाही. स्मृतीतील हा पक्षपात केवळ नैतिक उणीव नाही. तो रचनेतील दोष आहे. कारण जो नायक आपली सर्वांत मोठी चूक विसरू शकतो, तो संचयी कथेतून आवर्ती कथेत सरकू लागतो. तो हळूहळू झुंजार होतो, पण झुंजारचा निरागसपणा त्याच्यापाशी नसतो.

तिसऱ्या पर्वाची घडण याच सरकण्यातून समजते. घरातील असत्य संपले. दाम्पत्याचे गुपित शिळे झाले. करीमचे ऋण बाजूला पडले. मग कथेला बळ कोठून मिळणार? नागालँडमध्ये कुलकर्णींची हत्या होते, श्रीकांत स्वतःच संशयित ठरतो आणि कुटुंबासह पळतो. पाठलाग वेगवान आहे. परंतु भावनिक भार त्याच्यावरून उतरून प्रतिनायकावर गेला आहे. जयदीप अहलावत यांनी साकारलेला रुक्मा हा मारेकरी प्रेयसीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलाची जबाबदारी स्वीकारतो. ‘कुटुंबवत्सल माणूस’ हे मालिकेचे मूळ सूत्र आता शत्रूच्या घरी राहावयास गेले आहे. पर्वातील सर्वांत ताजे प्रसंग त्याच्या वाट्याला आले, हे अभिनेत्याचे यश आहे, तसे नायकाच्या रिकामपणाचे निदर्शकही आहे. आणि पर्व एखाद्या पेरावर संपण्याऐवजी मध्येच तोडल्यासारखे संपते. पहिल्या पर्वाचा शेवटही अपूर्ण होता. तेथे मात्र नायकाला ठाऊक नसलेले काही प्रेक्षकाला ठाऊक होते आणि त्या ज्ञानाचा ताण शेवटानंतरही टिकला. तिसऱ्यात प्रेक्षकाला केवळ हे कळते की कथा राहिली आहे.

या सर्वांत न झिजलेली एकच गोष्ट आहे : तळपदे. शरीब हाश्मी यांनी उभा केलेला हा सहकारी संस्कृत नाटकातील विदूषकाचा वंशज आहे. खादाड, बडबड्या, अविवाहित, आणि नायक ज्याच्याशी कधी खोटे बोलत नाही असा एकमेव. विदूषक आवर्ती पात्र आहे. तो बदलू नये, हीच अपेक्षा असते. संचयी नायकाशेजारी आवर्ती मित्र ठेवल्याने काळाची जाणीव अधिक तीव्र होते : एक झिजतो, दुसरा तसाच राहतो. मात्र हिंदी पडद्यावरील मराठी माणसाच्या वाट्याला पुन्हा एकदा दुसरी खुर्चीच आली, ही नोंदही याच ठिकाणी करणे आवश्यक आहे. तळपद्याला घर नाही, भूतकाळ नाही, ऋण नाही. म्हणूनच तो टवटवीत राहिला आहे.

५

परदेशी मालिकांकडे पाहता हा सिद्धान्त दोन्ही बाजूंनी पडताळता येतो. ‘होमलँड’ ही अमेरिकन मालिका २०११ ते २०२० अशी आठ पर्वे चालली. ब्रॉडी या संशयित सैनिकाविषयीचा प्रश्न हाच तिचा प्राण होता. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस ब्रॉडीला फाशी होते. त्यानंतर मालिकेने इस्लामाबाद, बर्लिन, न्यूयॉर्क अशी स्थळे बदलली. त्यांतील काही पर्वे कौशल्याने रचलेली होती. परंतु स्थळ बदलत गेले तसे हे स्पष्ट झाले की कथेला आता ऋण नसून नेमणूक आहे.

उलट ‘द अमेरिकन्स’ ही मालिका २०१३ ते २०१८ अशी सहा पर्वे चालली आणि शेवटाकडे अधिक गडद होत गेली. सोव्हिएत हेर असलेले एक जोडपे अमेरिकन कुटुंब म्हणून वॉशिंग्टनच्या उपनगरात राहते. त्यांचा विवाह हीच त्यांची कामगिरी आहे आणि मुले ही तिची अनपेक्षित निष्पत्ती. येथे घर आणि हेरगिरी असे दोन धागे नाहीत; धागा एकच आहे. प्रत्येक कामगिरीचे मोल घरात चुकवावे लागते आणि प्रत्येक घरगुती प्रसंगात कामगिरी धोक्यात येते. म्हणून तिला नवे देश, नवे शत्रू लागले नाहीत. ‘द फॅमिली मॅन’मध्ये दोन धागे समांतर चालतात : घर साचत जाते आणि कामगिरी दर पर्वात नव्याने सुरू होते. जेथे ते एकमेकांना पीळ देतात, जसे धृतीच्या अपहरणात, तेथे मालिका उंचावते; जेथे ते केवळ आळीपाळीने दाखवले जातात, तेथे एक धागा दुसऱ्याची विश्रांती होऊन बसतो.

६

दर पर्वात नव्याने सुरू होणाऱ्या या कामगिरीचा एक सामाजिक अर्थ आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून रंजनाची चर्चा पूर्ण होणार नाही. पहिल्या पर्वात काश्मीर, दुसऱ्यात तमिळ प्रदेश आणि श्रीलंकेतील तमिळ बंडखोर, तिसऱ्यात ईशान्य भारत : मालिका देशाच्या कडांवरून फिरते. केंद्रस्थानी मुंबईतील एक सदनिका असते आणि कडांवरून भय आणले जाते. पर्वागणिक नवा प्रदेश हा नावीन्याचा पुरवठादार ठरतो. त्या त्या प्रदेशाची भाषा मालिका आदराने वापरते, ही तिची जमेची बाजू आहे. राजीसारख्या पात्राला कापडगिरणीतील छळाचा आणि युद्धातील यातनांचा इतिहासही ती देते. तरीही मे २०२१ मध्ये, प्रदर्शनापूर्वीच, तमिळनाडू सरकारने दुसऱ्या पर्वावर बंदीची मागणी केंद्राकडे केली होती. बंदीची मागणी समर्थनीय नाही. परंतु तिच्यामागील अस्वस्थता समजून घेण्यासारखी आहे. ज्याचे दुःख एका पर्वापुरते वापरून पुढे जायचे, त्याला आपण कच्चा माल आहोत, असे वाटणे स्वाभाविक होय.

या नकाशात यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारखे तालुक्याचे गाव कोठे येते? ते केंद्रही नाही आणि कडही नाही. कापसाच्या पट्ट्यातील, कोलाम वस्त्यांच्या शेजारचे हे गाव गुप्तहेरकथेच्या दृष्टीने अदृश्य आहे; तेथून देशाला धोका नाही आणि तेथे देशाची गुपिते नाहीत. मालिका मात्र तेथे पाहिली जाते : पूर्वी दूरदर्शनच्या अँटेनावर, पुढे छत्रीवर, आता हातातील फोनवर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले, तेथील प्रेक्षकाला संकट, पाळत, कर्ज आणि घरच्यांपासून लपवलेली गोष्ट यांची ओळख करून देण्याची गरज नाही. घराच्या कर्जासाठी खटपट करणारा श्रीकांत त्याला चटकन आपला वाटतो. कर्जाचा आकडा घरी न सांगणारा माणूस हा त्याच्या परिचयाचा आहे. त्या माणसाचे असत्य कुठल्याही पर्वाच्या शेवटी विनोदाने सुटत नाही.

या प्रेक्षकाला ध्यानात घेतले म्हणजे रंजनाचा प्रश्न उलटा दिसू लागतो. रंजन म्हणजे वास्तवापासून सुटका, ही कल्पना पहिल्या पर्वाने स्वतःच खोटी ठरवली होती. गुप्तहेराला घर देऊन त्याने सांगितले होते की भय बाहेरूनच येते असे नाही. हप्ता, वय, मुलांचे दुरावणे, जोडीदाराचे मौन यांतही ते आहे. प्रेक्षक गुंतला तो या सत्यामुळे. तिसऱ्या पर्वात घरच पाठलागाच्या गाडीत बसवले गेले, तेव्हा वेग वाढला आणि ओळख कमी झाली. जो प्रेक्षक ‘मजा राहिली नाही’ म्हणतो, तो अधिक स्फोटांची मागणी करीत नसतो. ज्या माणसाशी त्याने नाते जोडले होते, तो सापडत नाही, अशी त्याची तक्रार असते. तिला रसिकाची तक्रार म्हणून मान दिला पाहिजे.

७

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ‘द फॅमिली मॅन’चे दुसरे पर्व पहिल्याइतकेच, काही ठिकाणी अधिक रंजक आहे, कारण ते पहिल्याचे ऋण मान्य करते, तिसरे कौशल्यपूर्ण असूनही उणे पडते, कारण त्याने जुनी ऋणे स्वस्तात मिटवून नवे भय उसने आणले. हा उतार अटळ होता, असे मात्र नाही. आवर्ती मालिका न बदलण्याच्या बळावर वीस वर्षे चालू शकते; संचयी मालिका बदलण्याच्या बळावर. दोहोंच्या मध्ये थांबणे तेवढे शक्य नसते. कुटुंबवत्सल माणसाला झुंजार करू नये, इतकाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

पुढील पर्व निघाल्यास ते नव्या सीमेवर जाईल की करीमच्या घरी, यावर बरेच अवलंबून राहील. तिसऱ्या पर्वाच्या अपूर्ण शेवटाने निर्मात्यांवर रुक्माचा हिशेब पुरा करण्याचे बंधन घातले आहे. ते कोणतीही मालिका पाळील. करीमच्या मृत्यूचा हिशेब मांडण्याचे बंधन त्यांच्यावर कोणी घातलेले नाही. ते त्यांनी २०१९ साली स्वतःच पत्करले होते.